पुरावा मागणारा प्रेषित

वाचकहो, बांधावरून तंटा निघाला की चावडीत दोन शब्द हमखास ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, कागद दाखवा. दुसरा म्हणतो, कागदाचे काय घेऊन बसलात, आमची वहिवाट बघा. आज्यापणज्यापासून हे रान आम्ही कसतो आहोत. कागद खरा की वहिवाट खरी, यावर कोर्टात पिढ्या जातात. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आज ज्या माणसाची हकिगत सांगायची आहे, त्याच्याबद्दलही असाच एक जुना तंटा आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी हा एक, नाव थोमा. केरळातील लाखो ख्रिस्ती कुटुंबे म्हणतात, तो इसवी सन ५२ मध्ये आमच्या किनाऱ्यावर उतरला, आमच्या पूर्वजांना त्याने स्वतः दीक्षा दिली. इतिहासाचे पंडित विचारतात, कागद कुठे आहे? आणि यातली गंमत अशी की, पुराव्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे ठणकावून सांगणारा म्हणूनच हा थोमा साऱ्या जगाला ठाऊक आहे!

थोमा या शब्दाचा अर्थ अरामी भाषेत 'जुळा'. येशू आणि त्याचे सोबती हीच भाषा बोलत. ग्रीक भाषेत त्यालाच दिदुम म्हणत, अर्थ तोच. जुळ्यातला दुसरा कोण, हे बायबलात कुठेच आलेले नाही. थोमाबद्दल तिथे एकंदर लिहिले आहे तेच थोडे. जे आहे ते बहुतेक योहानाच्या शुभवर्तमानात. पण तेवढ्यावरून माणूस डोळ्यापुढे उभा राहतो.

एकदा बेथानी गावी येशूचा मित्र लाजार वारला. ते गाव यरुशलेमच्या अगदी जवळ, आणि तिकडे येशूला दगड मारायला लोक टपलेले. शिष्य म्हणू लागले, तिकडे जाणे नको. तेव्हा थोमाच पुढे झाला आणि सोबत्यांना म्हणाला की चला, त्याच्याबरोबर आपणही मरू. पुढे शेवटच्या रात्रीच्या जेवणात येशू म्हणाला की मी जातो तिथली वाट तुम्हाला ठाऊक आहे. बाकीचे गप्प राहिले. थोमाने मात्र सरळ सांगितले की तुम्ही कुठे जाता तेच ठाऊक नाही, तर वाट कशी ठाऊक असणार? न कळता मान डोलावणारा हा माणूस नव्हता.

तिसरा प्रसंग सर्वांना माहीत असलेला. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला आणि बंद दाराआड बसलेल्या शिष्यांना भेटला. थोमा तेवढा त्या वेळी तिथे नव्हता. तो आल्यावर बाकीच्यांनी आनंदाने बातमी सांगितली. थोमा म्हणाला की त्याच्या हातांतले खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट आणि कुशीतल्या जखमेत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला, या वेळी थोमा हजर होता. येशूने हात पुढे केले आणि म्हणाला, घे पाहून. थोमाने त्याला आपला प्रभू आणि देव म्हटले.

यावरून इंग्रजीत संशयखोर माणसाला थोमाचे नाव चिकटले ते कायमचे. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो. कबर रिकामी असल्याची बातमी पहिल्यांदा बायकांनी आणली, तेव्हा बाकीच्या शिष्यांनी तरी कुठे विश्वास ठेवला? बायकांची बडबड म्हणून त्यांनी ती उडवून लावल्याचे लूकाच्या शुभवर्तमानात आहे. त्यांनी डोळ्यांनी पाहिले तेव्हाच मानले. थोमाने त्यांच्यापेक्षा जास्त काही मागितले नव्हते. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. थोमाने खरोखर जखमेत बोट घातले असे त्या पुस्तकात म्हटलेलेच नाही. चित्रकारांनी ते काढले आणि लोकांनी ते खरे धरले.

यानंतर बायबल थोमाबद्दल जवळजवळ मुके होते. पुढची हकिगत येते ती 'थोमाची कृत्ये' नावाच्या दुसऱ्या एका पुस्तकात. हे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या एदेसा शहराच्या परिसरात सिरियाक भाषेत लिहिले गेले. म्हणजे थोमानंतर दीडशे वर्षे तरी उलटलेली. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

शिष्यांनी चिठ्ठ्या टाकून कोणी कुठल्या देशात जायचे ते ठरवले. थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान आला. तो म्हणाला, मी नाही जाणार. प्रकृती धड नाही आणि तिथल्या लोकांशी मी बोलणार कसा? तेव्हा हब्बान नावाचा एक व्यापारी आपल्या राजासाठी सुतार शोधत तिथे आला होता. येशूने त्याला दर्शन देऊन थोमाला गुलाम म्हणून विकून टाकले. राजाचे नाव गुंदफर. राजाने विचारले, तुला काय काम येते? थोमा म्हणाला, लाकडाचे नांगर, जू आणि नावा करतो. दगडाचे खांब आणि वाडे बांधतो. राजाने वाडा बांधायला पैसा दिला आणि तो निघून गेला. थोमाने तो सगळा गोरगरिबांत वाटून टाकला. काही दिवसांनी राजाने निरोप पाठवला की काम कुठवर आले? थोमाचे उत्तर गेले की वाडा झाला, छप्पर तेवढे राहिले आहे. राजाने आणखी सोने पाठवले. तेही वाटले गेले. (घर बांधायला काढलेल्या कोणालाही हा निरोप ओळखीचा वाटेल!)

राजा परत येऊन बघतो तो वाडा नाही, चौथरासुद्धा नाही. थोमा म्हणाला, तुझा वाडा स्वर्गात उभा आहे, मेल्यावर दिसेल. राजाने त्याला कोठडीत टाकले. त्याच रात्री राजाचा भाऊ गाद वारला. देवदूतांनी त्याला स्वर्गातली घरे दाखवली, त्यातला एक वाडा त्याच्या मनात भरला. हा तुझ्या भावाचा, थोमाने बांधलेला, असे त्याला सांगण्यात आले. गाद जिवंत होऊन परत आला आणि राजाला म्हणाला, तो वाडा मला विकत दे. मग दोघाही भावांनी दीक्षा घेतली.

विद्वान मंडळी बरीच वर्षे म्हणत होती की ही सगळी भाकडकथा आहे. गुंदफर नावाचा राजा कुठल्या इतिहासात नाही. मग १८३० नंतरच्या काळात चार्ल्स मॅसन नावाच्या इंग्रजाने अफगाणिस्तानातून जुनी नाणी हजारोंनी गोळा केली. त्या भागातल्या नाण्यांत एका राजाचे नाव निघाले, गोंडोफर्नीस. पुढे पेशावरजवळ तख्त-ए-बाही येथला एक शिलालेख वाचला गेला. त्यावरून या राजाची कारकीर्द साधारण इसवी सन २० ते ४६ या काळात चालू होती असे ठरले. म्हणजे थोमाच्या हयातीतलाच राजा! जे नाव जगाच्या विस्मरणात गेले होते, ते त्या भाकड मानलेल्या पुस्तकाने सोळाशे वर्षे जपून ठेवले होते. यावरून थोमा तिथे गेला हे सिद्ध होत नाही. पण लिहिणाऱ्याच्या कानावर कुठली तरी खरी बातमी होती, एवढे मानावे लागते.

हे झाले वायव्येकडचे. केरळची परंपरा वेगळी. तिथे थोमा समुद्रातून येतो.

त्या काळी मुझिरिस हे मलबारचे फार मोठे बंदर होते, आजच्या कोडुंगल्लूरच्या बाजूला, पेरियार नदीच्या मुखाशी. रोमच्या लोकांना मिरीचे वेड लागले होते आणि मिरी पिकत होती केरळात. जहाजांचा सारा हिशेब पावसाच्या वाऱ्यावर चाले. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याची वाट पाहत आपण जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसतो, तोच वारा त्यांच्या शिडात भरे. तांबड्या समुद्राच्या तोंडापासून मुझिरिसपर्यंत चाळीस दिवस लागतात असे प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. वारा उलटा फिरला की हिवाळ्यात जहाजे परत जात. आपला महाराष्ट्रही या उलाढालीत होता. पैठणचा आणि तेरचा माल गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असे, हे त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात आहे. तेव्हा पॅलेस्टाईनच्या बाजूचा एखादा माणूस इसवी सन ५२ मध्ये केरळात उतरणे यात अशक्य असे काहीच नाही. येणारेजाणारे रोज होते.

कोडुंगल्लूरजवळ पट्टणम येथे २००७ पासून उत्खनन झाले. रोमन मद्याच्या आणि तेलाच्या घागरींचे ढीगभर तुकडे निघाले, मणी निघाले, एक जुनी होडी निघाली. थोमाचे नाव मात्र कशावर निघाले नाही.

परंपरा सांगते की थोमाने कोडुंगल्लूर, पालयूर, परवूर, कोक्कमंगलम, निरणम, निलक्कल आणि कोल्लम अशा सात ठिकाणी मंडळ्या स्थापल्या. पालयूरची कथा अशी. तिथल्या तळ्यात ब्राह्मण ओंजळीने पाणी वर उडवत अर्घ्य देत होते. थोमा म्हणाला, देवाने ते स्वीकारले असेल तर पाणी खाली का पडते? मग त्याने स्वतः ओंजळ उडवली आणि पाणी वरच थांबले; ते पाहून कित्येक नंबुद्री घरे ख्रिस्ती झाली. इथे मात्र बहुतेक इतिहासकार मान हलवतात. नंबुद्री ब्राह्मणांची वस्ती केरळात स्थिरावली ती पुढच्या शतकांत, असे त्यांचे म्हणणे आहे. मलाही ही कथा मागाहून जोडलेली वाटते. आमचे मूळ उंच कुळातले, हे सांगण्याची हौस कुठल्या समाजाला नसते?

पुढे थोमा पूर्व किनाऱ्यावर मैलापूरला, म्हणजे आजच्या चेन्नईत गेला आणि इसवी सन ७२ मध्ये तिथल्या टेकडीवर त्याला भाल्याने मारले, असे मानतात. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो त्या बाजूला आला, त्याला लोकांनी निराळेच सांगितले. थोमा रानात प्रार्थना करीत होता, आजूबाजूला मोर चरत होते, एका पारध्याने मोरावर बाण सोडला आणि तो चुकून थोमाला लागला. मैलापूर म्हणजे मोरांचे गाव. कथेत मोर आला तो बहुधा तिथूनच. मार्को पोलोने आणखी लिहिले आहे की थोमा जिथे मारला गेला तिथली माती लोक नेतात आणि ताप आलेल्या माणसाला पाण्यातून पाजतात. मुसलमानही त्या जागेला मानतात.

आता कागदाकडे येऊ. केरळच्या ख्रिस्ती लोकांचा हाती असलेला सर्वांत जुना पक्का दस्तऐवज इसवी सन ८४९ चा, आणि तो आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. कोल्लमला मार सपीर ईशो नावाच्या गृहस्थाने बांधलेल्या तरिसापल्ली चर्चला वेणाडचा सरदार अय्यन अडिगल याने दिलेले हे ताम्रपट. जमीन दिली. ती कसायला वेल्लाळ शेतकऱ्यांची कुटुंबे दिली. ताडमाड उतरवणारे एळव, सुतार, धोबी यांची घरे चर्चकडे लावून दिली. एका परीने आपले बलुतेदारच म्हणा. एळवांना ताडावर चढायच्या शिडीवरही कर होता. तो माफ केला. गावची वजने आणि मापे सांभाळण्याचा हक्क चर्चला दिला. खाली साक्षीदारांच्या सह्या आहेत अरबी, पहलवी आणि हिब्रू अशा तीन लिप्यांत, म्हणजे मुसलमान, पारशी-ख्रिस्ती आणि यहुदी व्यापाऱ्यांच्या. हिंदू सरदार दाता, ख्रिस्ती घेणारे, आणि बाकी साऱ्यांची साक्ष! हे पत्रे आज कोट्टयम आणि तिरुवल्ला येथल्या चर्चच्या मुख्यालयांत जपलेले आहेत.

पण हा कागद थोमानंतर आठशे वर्षांचा. त्याआधीचे काय? सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका व्यापारी-प्रवाशाने लिहिले की मिरीच्या मलबारात ख्रिस्ती आहेत, आणि कल्लियाना येथे इराणातून नेमलेला बिशप आहे. कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्याही आधी, चौथ्या शतकात, एदेसाचा संतकवी एफ्रेम याने थोमाची हाडे हिंदुस्थानातून एका व्यापाऱ्याने आणल्याचा उल्लेख केला आहे. या मधल्या काळात गावोगावच्या मंडळ्यांनी स्वतः काही लिहून ठेवले असेल का? असेल. मात्र ते आपल्या हाती येऊ नये अशी एक घटना घडली.

पोर्तुगीज आले तेव्हा इथे आधीच ख्रिस्ती लोक आहेत हे पाहून त्यांना आनंद झाला. तो फार दिवस टिकला नाही. हे लोक प्रार्थना सिरियाक भाषेत करत, त्यांचे बिशप इराण-इराकच्या बाजूने येत, पाद्री लग्न करत. पोर्तुगिजांना हे सारे चुकीचे वाटले. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस केरळात गेले, उदयमपेरूर येथे सभा भरवली आणि सगळ्यांना रोमच्या चालीरीतींखाली आणले. चुकीच्या मतांची म्हणून सिरियाक पुस्तके गोळा करून जाळण्यात आली. कोणती पुस्तके होती, त्यात काय काय होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. वाचकहो, एखाद्या गावचे सारे जुने दप्तर जाळून टाकावे आणि मग त्याच गावाला विचारावे की तुमच्या वहिवाटीचा कागद कुठे आहे, तसे हे झाले. मला तरी या सगळ्या हकिगतीत सर्वांत जास्त दुखते ते इथे.

लोकांनी पन्नासएक वर्षे सोसले. मग ३ जानेवारी १६५३ रोजी कोचीजवळ मट्टांचेरी येथे मोठा जमाव जमला आणि जेझुइट पाद्र्यांची सत्ता यापुढे मानणार नाही अशी शपथ घेतली. क्रुसाला हात लावून शपथ घ्यायची, पण माणसे इतकी की सर्वांचे हात पोचेनात. तेव्हा क्रुसाला दोर बांधले आणि लोकांनी ते धरले. ओढीने क्रूस वाकला, म्हणून तो 'वाकड्या क्रुसाची शपथ' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांनी आपला प्रमुख आपणच निवडला आणि त्याला नाव दिले मार थोमा. पुढे समाजात फुटी पडल्या, काही रोमकडे परतले, काही अंत्युखियाच्या सिरियन परंपरेकडे गेले. आज अर्धा डझनाहून अधिक चर्चे या एका मुळाची आहेत आणि त्यांचे आपसातले मालमत्तेचे दावे सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. थोमा आमचा, यावर मात्र सगळ्यांचे एकमत.

हे एकमत किती नाजूक जागी आहे ते २००६ मध्ये दिसले. पोप सोळावे बेनेडिक्ट रोममध्ये बोलताना असे म्हणाले की थोमा पश्चिम हिंदुस्थानापर्यंत गेला आणि तिथून ख्रिस्ती धर्म दक्षिणेत पोचला. एवढ्या एका वाक्यावरून केरळात खळबळ उडाली. तुमच्या पणजोबाने हे शेत कसलेच नाही, शेजारच्याने कसले, असे कोणी म्हटल्यावर जे वाटेल ते त्यांना वाटले.

या वारशाला एक काळी कडही आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. थोमाचे जुने ख्रिस्ती स्वतःला उच्च मानत आले. एकोणिसाव्या शतकात पुलया, परया अशा दलित जातींतले लोक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना वेगळे बसवले गेले, वेगळी देवळे दिली गेली. पोयकयिल योहन्नान (१८७९ ते १९३९) या दलित धर्मोपदेशकाने हे सहन न होऊन चर्च सोडले आणि आपल्या माणसांसाठी वेगळी सभा उभी केली. ज्याला गोष्टीत गुलाम म्हणून विकले, त्याच्याच नावाचा अभिमान सांगणाऱ्यांनी हे करावे!

या समाजातले पुष्कळ लोक आपल्यासारखेच शेतकरी. विसाव्या शतकात कोट्टयम-पाला भागातली हजारो कुटुंबे जमीन पुरेना म्हणून उत्तरेकडे वायनाड आणि मलबारच्या डोंगरात गेली. मलेरियाने माणसे दगावली, रानडुकरांनी पिके खाल्ली, तरी मिरी, आले, रबर, टॅपिओका लावून ती तिथे टिकली. मुलांची नावे थोम्मन, मत्तायी, चाक्को, वर्की. ३ जुलैला, ऐन पावसात, थोमाची आठवण म्हणून सण पाळतात. त्याला सिरियाक नाव आहे दुक्राना, म्हणजे स्मरण. ईस्टरच्या सुमारास मलयाट्टूरच्या डोंगरावर लोक लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन चढतात. थोमा तिथे प्रार्थनेला बसत असे, अशी श्रद्धा. चढताना ते त्याला हाक मारतात ती 'मुत्तप्पन' म्हणून. मुत्तप्पन म्हणजे आजोबा. आपल्या वारीत विठ्ठलाला माउली म्हणतात, तसेच हे.

थोमाची हाडे एदेसाहून किऑस बेटावर आणि तिथून १२५८ मध्ये इटलीतल्या ओर्तोना गावी गेली, असे मानतात. त्यातले उजव्या हाताचे एक हाड १९५३ मध्ये केरळला देण्यात आले. कोडुंगल्लूरजवळ अळीकोड येथे, पेरियार जिथे समुद्राला मिळते तिथे काठावरच्या चर्चमध्ये ते ठेवले आहे. खिळ्यांचे वण चाचपून बघू द्या म्हणणारा हात तो हाच, असे तिथले लोक सांगतात. समोरून मासेमारीच्या होड्या जातात, आणि थोमाचे जहाज आले ते याच मुखातून, हेही ते सांगतात.